धरलेली जागा

पलंगाचा लोखंडी कठडा. त्यावर एक म्हातारा हात.

*

शर्टाच्या डाव्या बाहीवर निळ्या खडूचा पुसट पट्टा. धुतला, घासला, उकळत्या पाण्यात बुडवला. आहे तिथेच आहे.

*

हिरवा खांब. नखाने खरवडला तर आत पिवळा, पिवळ्याच्या आत पुन्हा हिरवा, आणि मग नुसता गंज.

*

एका लहान मुलाला लागलेली भूक.

*

"आलोच रे."

*

यातलं काहीही रचलेलं नाही. हे आमच्या दाजींच्या बाबतीत घडलं, आणि दाजी थापा मारणारा माणूस नव्हे. प्लंबर आहेत. ते म्हणाले नळ गळतोय, तर नळ गळतच असतो.

रात्र नव्हती. वादळ नव्हतं. रविवारची दुपार होती, ऊन नुकतं कलायला लागलं होतं.

जागा... फुटबॉल क्लबच्या जुन्या मैदानातला पूर्वेचा स्टँड.

क्लब केव्हाच नव्या मैदानात गेला होता. तिथे प्रत्येकाला नंबराची खुर्ची, खुर्चीला कप ठेवायला खळगा, आणि कोण कुठे बसणार हे तिकीटच ठरवतं. जुनं मैदान पाडायचं ठरलं, तेव्हा जुन्या मंडळींना एक दुपार आत सोडलं. या, बघून घ्या, रडायचं असेल तर रडा, संध्याकाळी फाटक बंद.

माणसं लोटली. कोणी गवताचा तुकडा पिशवीत भरत होतं. कोणी गोलच्या जाळीची गाठ कापून घेत होतं. एक आजोबा तर मुतारीच्या भिंतीला पाठ लावून फोटो काढून घेत होते. "इथेच मला आमच्या हिच्या भावाने पहिल्यांदा विचारलं, लग्नाचं काय म्हणून," असं ज्याला त्याला सांगत होते.

दाजी आपला पाईप पाना घेऊन आले होते.

"बाबा, लोक गवत नेतायत, आणि तुम्ही पाईप नेणार?" त्यांची मुलगी म्हणाली. तिला घरात छकुली म्हणतात. नाव छकुली, पण उंची दाराच्या चौकटीएवढी.

"प्लंबर आहे मी. फुलं नेऊ का?"

दाजींना कठड्याचा तुकडा हवा होता. पूर्वेच्या स्टँडला खुर्च्या कधीच नव्हत्या. नुसत्या सिमेंटच्या पायऱ्या, आणि पोटाशी लागणारा पाईपचा कठडा. त्या कठड्याचा, छपराच्या खांबाशेजारचा एक एल्बो, म्हणजे पाईपच्या वळणाचा जोड, उघडायचा आणि घरी अण्णांच्या हातात द्यायचा.

अण्णा म्हणजे दाजींचे वडील. झटका आल्यापासून पलंगावर. उजवा हात मेलेला, तोंडातून शब्द नाही. डोळे तेवढे जागे. मैदान पाडणार हे कळल्यापासून ते दाजींकडे एकटक बघत राहायचे. काहीतरी मागितल्यासारखे. दाजींनी आपल्या परीने ओळखलं... कठडा हवा असणार.

खांबाजवळ गोलकी भेटला. दाजींचा शाळेपासूनचा मित्र. शाळेच्या संघात गोलकी होता. पुढे पोट सुटलं, पण नाव सुटलं नाही.

"हा खांबच घेऊन जा ना घरी," गोलकी म्हणाला. "जन्मभर नडला मेला. डावीकडचा गोल कधी दिसला का आपल्याला? अर्धी मॅच बघितली आणि अर्धी ऐकली."

"ऐकलेली अर्धीच बरी असायची."

"तेही खरंच म्हणा." गोलकीने कठड्यावर थाप मारली. "धरली!"

दोघं हसले. छकुलीही हसली.

हे 'धरली' काय ते सांगायला हवं.

पूर्वेच्या स्टँडमध्ये पायरी सोडली की जागा गेली. गर्दी गिळून टाकायची. म्हणून पाणी प्यायला, चहा आणायला जाणारा शेजारच्याला सांगायचा, "जागा धर." शेजारच्याने कठड्यावर तळवा मारायचा आणि म्हणायचं, "धरली." एकदा हा शब्द गेला, की तो माणूस परत येईपर्यंत हात कठड्यावरून काढायचा नाही. मग पाऊस येवो, गोल होवो, मारामारी होवो. सोडायचंच असेल तर दुसऱ्या कोणीतरी थाप मारून "धरली" म्हणायला हवं. तोवर नाही. गोलकी एकदा भावाची जागा धरून अख्खा उत्तरार्ध मांड्या आवळून उभा होता. शेवटी व्हायचं ते झालं. पण हात काढला नाही.

अण्णा तर याबाबतीत फारच कडक. ते नेहमी डाव्या बाजूला एक माणूस मावेल एवढी जागा सोडून उभे राहायचे. कोणी घुसलंच तर मान न वळवता म्हणायचे, "धरलीय." कोणासाठी, ते दाजींनी कधी विचारलं नाही. फार पूर्वी तिथे एक शिंपी उभे असत, एवढं अंधुक आठवत होतं. चेहरा नाही. नुसती बाही, आणि बाहीला लागलेला निळा खडू.

ऊन उतरलं. खालून वॉचमनने शिट्टी फुंकली.

गोलकी गेला. माणसं फाटकाकडे सरकू लागली. छकुली म्हणाली, "मी स्कूटर काढते, या तुम्ही."

दाजी एकटे राहिले.

एल्बो गंजून घट्ट बसला होता. त्यांनी पाना लावला, अंगाचा भार टाकला. सुटेना. पुन्हा टाकला. डोक्यात तेवढंच होतं... सूट की बाबा.

आणि डाव्या कानाशी कोणीतरी म्हणालं,

"जागा धर रे. चहा घेऊन आलोच."

साधा आवाज. घाईतला. रोजचा.

दाजींनी वर बघितलंसुद्धा नाही. पाना उजवीकडून डाव्या हातात घेतला, मोकळा तळवा कठड्यावर मारला.

"धरली."

जन्माची सवय.

मग पावलं ऐकू आली. पायऱ्या उतरत जाणारी. जिन्याच्या तोंडाशी पोहोचली...

आणि तिथे थांबली.

दाजींनी आता वर बघितलं.

स्टँड रिकामा होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत. जिन्यातही कोणी नव्हतं.

"कोण आहे?"

दाजी स्वतःशीच हसले. गोलकीच असणार, लपला असेल मेला कुठेतरी. त्यांनी हात उचलला.

हात निघेना.

चिकटला वगैरे नव्हता. दुखतही नव्हता. बोटं उघडत नव्हती, एवढंच. पाईपभोवती वळली होती ती वळलेलीच. दुसऱ्या कोणाची असावीत तशी.

त्यांनी पाना खाली ठेवला. डाव्या हाताने एकेक बोट उचकटायला गेले. तर डावा हात वर येईना.

कारण वर यायला जागाच नव्हती...

उजव्या खांद्याला खांदा लागला. पाठीला छाती लागली. मानेवर गरम श्वास. भरलेल्या स्टँडमध्ये जसं होतं तस्सं. कोपर हलवता येत नाही, पाय जमिनीवर आहेत की नाही कळत नाही, सगळे मिळून जिकडे झुकतील तिकडे झुकायचं.

डोळ्यांना मात्र रिकामं सिमेंट दिसत होतं. पायरीमागून पायरी, त्यांवर लांबट ऊन.

फक्त डावीकडे जागा मोकळी होती. एक माणूस मावेल एवढी. तिथे कोणी रेटत नव्हतं. तिथून गार हवा येत होती, आणि शिलाई मशीनच्या तेलाचा वास.

मग खांबाच्या पलीकडून...

चेंडूचा आवाज आला. धप्.

पुन्हा धप्.

दाजींना मैदान दिसत होतं, जेवढं खांबाच्या उजवीकडे होतं तेवढं. उखडलेलं गवत, कोणी नाही. आवाज येत होता तो खांबाआडच्या अर्ध्या भागातून. जो त्यांनी जन्मात कधी बघितला नव्हता, नुसता ऐकला होता.

धप्. धप्. पावलं. कोणीतरी 'दे, दे' असं ओरडलं.

आणि हजारो माणसांनी एकदम श्वास आत घेतला.

गोल व्हायच्या आधी घेतात तसा.

दाजी वाट बघत राहिले. आता आरोळी उठेल, आता उठेल.

उठली नाही.

श्वास आत घेतलेलाच राहिला. पाठीला टेकलेली छाती फुगलेलीच राहिली. बाहेर कोणी सोडेचना. आणि दाजींच्या लक्षात आलं, त्यांनी स्वतःही केव्हापासून श्वास सोडला नव्हता.

खिशात फोन थरथरू लागला. ताईचा असणार. ताई म्हणजे आमची ताई, दाजींची बायको. फोन वाजून वाजून थांबला. हात खिशापर्यंत जाणं शक्यच नव्हतं.

"बाबा!"

छकुली जिन्यातून वर येत होती. त्याच जिन्यातून. जिथे पावलं थांबली होती तिथून ती सरळ चालत आली.

"अहो, वॉचमन कुलूप घेऊन उभाय. काय करताय?"

दाजींनी तोंड उघडलं. आवाज कसाबसा निघाला. "तू खाली जा."

"आणि तुम्ही?"

"जा म्हणतो ना."

ती जवळ आली. कठड्यावर आवळलेला हात बघितला, आणि हसली.

"अच्छा! जागा धरलीय होय? कोणाची, गोलकीकाकांची? मग काय, उद्यापर्यंत उभे राहणार?" तिने बाही मागे सारली. "द्या इकडे. मी धरते, तुम्ही सुटा."

दाजींना तेव्हा दोन गोष्टी एकाच वेळी कळल्या. हिने थाप मारली की आपण सुटणार. आणि ही सुटणार नाही.

"हात लावू नकोस!"

असा आवाज त्यांनी पोरीवर कधी काढला नव्हता. पण छकुलीला वाटलं, बाबा नाटक करतायत.

"अहो, तुम्हीच शिकवलंय ना लहानपणी?" तिने तळवा वर उचलला. ती डावीकडच्या त्या मोकळ्या जागेत उभी राहिली...

दाजींनी तिला ढकलायला खांदा हलवला. खांदा हलला नाही. ओरडायला गेले. आतला श्वास बाहेर पडेना. डोळ्यांसमोर पोरीचा तळवा खाली येत होता.

थाप पडली.

कठडा या टोकापासून त्या टोकापर्यंत झणझणला.

"धरली."

छकुलीचा तळवा अजून हवेतच होता.

दाजींची बोटं उघडली.

ते कसे उतरले ते त्यांना आठवत नाही. छकुली सांगते, बाबांनी मनगट धरून ओढत नेलं, दोनदा पडता पडता राहिले. थाप तिनेही ऐकली. शब्द नाही ऐकला. शब्द फक्त दाजींनी ऐकला.

पाना वरच राहिला. एल्बोही.

फाटकाशी वॉचमनने त्यांच्यामागे बघितलं. "वरचे ते नाही येत?"

"कोण? कोणी नाही वर," छकुली म्हणाली.

वॉचमन जरा वेळ वर बघत राहिला. मग त्याने कुलूप लावलं.

घरी ताई दारातच उभी होती. रडत होती आणि हसत होती.

"फोन का उचलत नव्हता? अहो, अण्णा बोलले! मी बाजूला औषध काढत होते. त्यांनी उजवा हात उचलला, त्यांनी स्वतः! पलंगाच्या कठड्यावर अशी थाप मारली की मी दचकले. आणि स्पष्ट शब्द बोलले."

दाजींनी विचारलं नाही, कोणता शब्द.

ते आत गेले. अण्णा पलंगाच्या उजव्या कडेला सरकून पडले होते. डावीकडे एक माणूस मावेल एवढी जागा सोडून. उजवा हात कठड्याभोवती आवळलेला.

डॉक्टर म्हणतात, स्नायू आखडलाय, अशा आजारात होतं. सिस्टर अंग पुसायला येतात, बोटं सोडवायला बघतात, आणि नाद सोडतात. अण्णा नीट जेवतात. एरवी त्रास काही नाही. जिन्यात पाऊल वाजलं की दाराकडे बघतात, एवढंच.

मैदान पाडलं. ज्या दिवशी खांब पाडला त्या दिवशी दाजी काम टाकून अण्णांजवळ बसून होते. त्यांना वाटलं, आता तरी सुटेल.

सुटला नाही.

आता तिथे सपाट जमीन आहे. स्टँड नाही, जिना नाही. येणारा कुठून येणार, हे दाजींना कळत नाही. ते रोज कामावरून आले की पलंगाशी बसतात, आपला तळवा कठड्यावर अण्णांच्या हाताशेजारी नेतात आणि हळूच म्हणतात, "अण्णा, द्या. मी धरतो."

थाप मात्र मारू शकत नाहीत. कारण अण्णा मान हलवतात. नाही म्हणून.

छकुलीला त्या खोलीत एकटं बसू देत नाहीत.

शर्ट दाजींनी टाकलेला नाही. बाहीवर पट्टा कधी लागला ते कोणालाच सांगता येत नाही. डावी बाजू तर मोकळी होती.

शिंपी हाफटाइमला चहा आणायला म्हणून गेले आणि जिन्यातच कोसळून मेले, त्या दिवशी त्यांची जागा अण्णांनी धरली होती. मॅच संपली, स्टँड रिकामा झाला, तरी ते तसेच उभे होते. मग त्यांनी हात काढला, कारण दाजी तेव्हा लहान होते आणि त्यांना भूक लागली होती.