कॅमेरा काही बिघडेना

तो माणूस चांगला धडधाकट कॅमेरा पाण्याच्या बादलीत सोडत होता.

मी आपली रस्त्याने चालले होते. शेजारच्या दुकानात बुटांचे तळ चिकटवायला टाकले होते, ते आणायला. काचेतून हा प्रकार दिसला आणि काही विचार न करता मी आत घुसले. "अहो, अहो, पडला तो—"

"पडला नाही. टाकलाय," तो मान वर न करता म्हणाला. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हात पाण्यात. "जरा थांबा हं... बुडबुडे बघतोय."

मीही वाकून बघायला लागले. एकही बुडबुडा आला नाही. त्याने कॅमेरा बाहेर काढला, मऊ फडक्याने अगदी निगुतीने पुसला आणि मग माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मघाशी कॅमेऱ्याकडे बघत होता तसंच, कुठे गळतोय का ते शोधत.

"माझ्यातून बुडबुडे येत नाहीत हो," मी म्हणाले.

तो हसला. आणि तिथूनच सगळा घोटाळा सुरू झाला.

आता माझं थोडं सांगते. मी नदीच्या काठांचे फोटो काढते. पाणी वाढायच्या दिवसांत काठ किती ढासळला ते कळावं म्हणून ठरलेल्या जागी उभं राहून दर आठवड्याला तोच तो फोटो. ऐकायला कंटाळवाणं, पण मला त्याचं वेड आहे. गेल्या हंगामात माझ्या कॅमेऱ्यात वाळू शिरली आणि निम्म्या काठांचे फोटोच निघाले नाहीत. ऑफिसातल्या मॅडमनी मला उचलून टेबलावर बसवलं. दुसऱ्यांनी काढलेले फोटो अहवालात चिकटवत बसायचं. मला एका जागी बसवणं म्हणजे शिक्षाच. दिवसातून दहा वेळा मी पाणी प्यायला उठायचे, तहान नसताना. शेवटी मॅडम म्हणाल्या, "या हंगामात एक संधी देते. कॅमेरा तू बघ, ऑफिस थोडेफार पैसे देईल. पण पुन्हा फोटो बुडाले तर टेबल कायमचं."

आणि माझ्या हातात तर काही टिकत नाही. आई म्हणते, हिच्या हातात लोखंडी खलबत्ता दिला तरी दोन तुकडे करून आणेल.

हे सगळं मी त्या बादलीवाल्याला पाच मिनिटांत सांगून टाकलं. दुकान त्याच्या मावशीचं होतं, जुन्या कॅमेऱ्यांचं. मावशी गल्ल्यावर बसायच्या, चष्मा कपाळावर चढवून. हा मागे बसून दुरुस्त्या करायचा. बोलणं सावकाश, आणि प्रश्न तरी किती.

"कुठे वापरणार?"

"नदीवर."

"नदीवर की नदीत?"

"मी पडले तर नदीत."

"वरचेवर पडता?"

"सवय आहे."

मी काचेतल्या एका चकचकीत कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. "तो द्या. लांबचं छान दिसत असेल त्यातून."

"तो नाही देणार."

"का? विकायला नाही ठेवलाय?"

"ठेवलाय. तुमच्यासाठी नाही." त्याने कॅमेरा काढून भिंगाची नळी आतबाहेर करून दाखवली. "ही प्रत्येक वेळी बाहेर येते आणि परत जाताना थोडी वाळू घेऊन जाते. गेल्या वेळचा असलाच होता ना?"

होता. पहिल्याच भेटीत बरोबर बोलणारी माणसं मला अजिबात आवडत नाहीत.

"तुम्हाला हवा बाहेर काही न येणारा. आणि नुसता पडदा नको, डोळा लावायची खिडकी हवी. उन्हात पडद्यावर स्वतःचं नाक सोडून काही दिसत नाही. नवा घेऊ नका, त्या पैशात जुना पण तपासलेला मजबूत मिळेल. दिसायला जरा बेंगरूळ असला तर चालेल?"

"दिसण्याचं काय, मला थोडंच लग्न लावायचंय त्याच्याशी."

त्याचे कान लाल झाले. मावशींनी चष्मा नाकावर घेतला, आम्हा दोघांकडे पाहिलं आणि परत कपाळावर ठेवला.

त्या दुकानाची एक चांगली रीत होती. जुना कॅमेरा आठवडाभर वापरायला न्यायचा. पटला तर पैसे द्यायचे, नाहीतर परत आणायचा. त्याने मला एक काळा, कोपरे झिजलेला कॅमेरा दिला. मी तो रविवारी ओढ्यावर नेला, चिखलात पाडला, नळाखाली धुतला. फोटो लख्ख. काही म्हणजे काही खोट नव्हती.

आठवडा संपला तशी मी दुकानात गेले आणि म्हणाले, "जड आहे."

का म्हणाले? आता काय सांगू... पटला म्हटलं असतं तर पैसे देऊन बाहेर पडावं लागलं असतं. मग त्या दुकानात पुन्हा जायला काय निमित्त होतं?

"जड?" त्याने तो तळहातावर तोलला. "हं. दुसरा देतो."

दुसऱ्याची बटणं लहान निघाली. म्हणजे, मी तसं सांगितलं. तिसरा घेतला तेव्हा तो मला रबराची कडी दाखवत होता, बॅटरीच्या झाकणाखालची, जिच्यामुळे पाणी आत जात नाही. त्याचं बोट त्या कडीवरून फिरत होतं आणि मी बोटाकडेच बघत बसले.

"लक्ष आहे ना?" त्याने विचारलं.

"आहे की."

"काय म्हणालो मी?"

"...कडी."

त्या आठवड्यात ऑफिसात इतकं काम होतं की कॅमेरा पिशवीतून निघालासुद्धा नाही. मी नुसती ती पिशवी खांद्याला लावून फिरत होते आणि कधी एकदा परत करायला जाते असं झालं होतं. घरी आई म्हणाली, "अगं, किती येरझाऱ्या घालशील? फरशी झिजेल. आणि कॅमेरा घेतेस की विहीर खणतेस? किती दिवस चाललंय."

"चांगली वस्तू निवडायला वेळ लागतो."

"वस्तू," आई म्हणाली आणि पुढे काही बोलली नाही. तिचं न बोलणं बोलण्यापेक्षा वाईट असतं.

दुकानात जाऊन मी कॅमेरा ठेवला. "हा हलका आहे, छान आहे. पण फोटो धूसर येतात."

त्याने कॅमेरा हातात घेऊन तोलला. ओठांचा कोपरा हलल्यासारखा वाटला. "धूसर?"

"खूपच."

"बरं. पुढच्या आठवड्यात नवीन माल येतोय. तेव्हा बघू."

असा महिना गेला. माझी गाडी शनिवारी सकाळी नदीवर निघणार होती आणि शुक्रवारी संध्याकाळपर्यंत माझ्याकडे कॅमेरा नव्हता. धावतपळत दुकानात गेले तर तो माझीच वाट बघत उभा.

"आज तुमचा कॅमेरा देतो," तो म्हणाला. "खरा. एकदम तुमच्यासारख्या माणसासाठी केलेला." आणि मागच्या खोलीत गेला. बराच वेळ खोकी सरकवल्याचे आवाज आले. बाहेर आला तो रिकाम्या हाताने, चेहरा पांढराफटक.

"मावशी, कपाटातला निळा...?"

"तो होय? सकाळीच विकला. होडी चालवणारा एक माणूस आला होता," मावशी म्हणाल्या. "बल्बच्या खोक्यामागे महिनाभर धूळ खात पडला होता. मला वाटलं, तू विसरलास."

"महिनाभर?" मी विचारलं.

त्याने मान खाली घातली.

"महिनाभर तो इथे होता? आणि मला तुम्ही माल येतोय, माल येतोय करत होतात?"

"दिला असता तर तुमचं काम झालं असतं," तो खालच्या आवाजात म्हणाला. "मग तुम्ही कशाला आला असता?"

"माझी नोकरी आहे ती. उद्या मी नदीवर काय घेऊन जाऊ, बादली?" माझा आवाज फाटला. "मी तुझ्यावर भरवसा ठेवला होता. तू सांगशील ते खरं, असं धरून चालले होते मी." तुम्हीचं तू कधी झालं ते मला कळलं नाही.

त्याने खण उघडला आणि एक बॅटरी माझ्यासमोर ठेवली. "चुकलो. माझंच चुकलं. पण ही त्या तिसऱ्या कॅमेऱ्याची. बादलीत टाकताना काढली होती, ती आठवडाभर इथेच चार्जरवर राहिली." तो थांबला. "तुम्ही म्हणालात, फोटो धूसर येतात."

मावशींचा चष्मा खाली आला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

"मग तेव्हाच बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तुम्ही लाजून परत आला नसता."

मला त्याचा इतका राग आला होता, आणि त्यातला निम्मा माझा माझ्यावरच होता. तो निम्मा काढता येत नव्हता म्हणून सगळाच त्याच्यावर काढावासा वाटत होता. पण वेळ कुठे होता?

"पहिला द्या," मी म्हणाले. "तो काळा."

"तो जड—"

"मला झेपतो."

त्याने काही विचारलं नाही. नवी कडी बसवली, झाकण दोनदा उघडून लावून बघितलं, जास्तीची बॅटरी दिली. "बिघडला तर लगेच घेऊन या," तो म्हणाला.

"बिघडला तर मी टेबलावर. बिघडू नये, असं म्हणा." पैसे ठेवले आणि मागे वळून न बघता निघाले.

आणि गंमत बघा, तो कॅमेरा काही बिघडेना.

गाडीच्या टपावरून पडला, एक ओरखडा आला फक्त. गुडघाभर गाळात पडला. सलग पावसात दिवस काढले, वाळूच्या वाऱ्यात काढले. माझ्या हातून आयुष्यात पहिल्यांदा एक वस्तू टिकत होती. मॅडमचा फोन आला. "फोटो उत्तम आहेत गं. असेच येत राहिले तर काठ कायमचे तुझ्याकडे देते."

मी नाचायला हवं होतं. आणि मी नदीकाठच्या मुक्कामाच्या पत्र्याच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चकरा मारत होते. त्याला माझा नंबर ठाऊक नव्हता. दुकानाचा नंबर माझ्याकडे होता, तो मी इतक्यांदा काढून बघितला की पाठ झाला. पण फोन करून सांगायचं काय? तक्रार तर काहीच नव्हती. जेवताना, चालताना, काठावर उभं राहून पाण्याचा आवाज ऐकताना... एकच. ते दुमडलेल्या बाह्यांचे ओले हात.

एका दुपारी मी काठावर बसले होते. सर आली होती, नदी लालसर झाली होती. मी कॅमेऱ्याचं बॅटरीचं झाकण उघडलं. उघड्या झाकणाने एकदा पाण्यात धरला की झालं, उद्या दुकानात. या वेळी खरीखुरी तक्रार घेऊन. हात पाण्याकडे गेलासुद्धा. पहिली लाट कॅमेऱ्याला लागायला बोटभर अंतर राहिलं असेल.

आणि मी झटकन हात मागे ओढला. अगं बाई, काय करायला निघालीस? ज्या कामासाठी अर्धं वर्ष टेबलावर रडत काढलंस, ते स्वतःच्या हाताने बुडवतेस? आणि कशासाठी, तर त्याच्या दारात उभं राहायला निमित्त हवं म्हणून? मला त्याला बघायचं होतं. बस्स. ते एवढं साधं होतं आणि मी त्याच्यासाठी तीन कॅमेऱ्यांना नावं ठेवली होती.

मी झाकण लावलं, त्या दिवसाचा फोटो काढला आणि रविवारी पहिल्या गाडीने निघाले. कॅमेरा मुद्दाम खोलीत कुलपात ठेवला.

तो टेबलावर वाकून एक बारीक स्क्रू बसवत होता. मला बघून उठला, मग माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं.

"कॅमेरा?"

"नदीवर आहे."

"बिघडला?"

"नाही."

"हरवला?"

"नाही."

"मग... बटणं लहान—"

"अरे," मावशी गल्ल्यावरून म्हणाल्या, "हे प्रश्न गिऱ्हाइकाला विचारतात. ही गिऱ्हाईक म्हणून आलीये का ते बघ आधी."

मी एक दीर्घ श्वास घेतला. येताना गाडीत नीट जुळवलेली वाक्यं होती, ती सगळी पळाली. "मला तू आवडतोस," मी म्हणाले. "तेवढं सांगायला आले. राग आहे अजून, तो वेगळा. गाडी आता परत फिरेल, तेव्हा तुला काय म्हणायचंय ते लवकर म्हण."

त्याच्या हातातला स्क्रू सुटला आणि गडगडत टेबलाखाली गेला. तो वाकला नाही.

"रोज वाटायचं, बिघडू दे तो एकदाचा," तो म्हणाला. "मग तुमची... तुझी नोकरी आठवायची. मग म्हणायचो, नको, चालू दे. दुसऱ्या दिवशी परत तेच. कामात लक्ष नाही म्हणून मावशीची बोलणी खातोय." तो थांबला, आणि या वेळी त्याने नजर हलवली नाही. "तू आवडतेस मला. पहिल्या दिवसापासून. ते बोलायची छाती नव्हती, म्हणून कॅमेरा लपवला. त्याने तुझं काम गेलं असतं. हे मी विसरणार नाही."

"पुन्हा लपवशील काही?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की. तू पुन्हा धूसर म्हणशील?"

मला हसू आवरेना, आणि डोळ्यांत पाणी का येत होतं ते कळेना. रस्त्याच्या टोकाला गाडीचा हॉर्न वाजला. ड्रायव्हर माणसं गोळा करत होता. मी सवयीने दाराकडे वळले.

"पुढची कधी आहे?" त्याने विचारलं.

"संध्याकाळी. शेवटची. ती चुकली तर उद्याचे फोटो चुकतील."

"ती नाही चुकायची. मी स्वतः बसवून देतो." तो टेबलाला वळसा घालून माझ्याजवळ आला. "ही जाऊ दे?"

गाडी दुकानासमोरून गेली. काच थरथरली, धूळ उडाली, कुणीतरी खिडकीतून डोकावलं. मी त्याचा हात धरून तशीच उभी राहिले आणि ती जाऊ दिली.