फॉर्मवरचा चौथा प्रश्न

रक्त वडिलांचं काढलं आणि कोसळला मुलगा.

तोही साधासुधा नाही, चांगला सव्वासहा फुटांचा. आडवा होताना त्याने कापसाचा डबा, स्पिरिटची बाटली आणि मुंगीचं स्टूल अशा तिन्ही गोष्टी सोबत नेल्या. मुंगी म्हणजे या लॅबमध्ये रक्त काढणारी टेक्निशियन. सुई टोचण्याआधी ती प्रत्येकाला "मुंगी चावल्यासारखं वाटेल हं" म्हणायची, म्हणून सगळ्यांनी तिचंच नाव मुंगी ठेवलं होतं.

"घाबरू नका," वडील शांतपणे म्हणाले. कापसाचा बोळा त्यांनी स्वतःच दाबून धरला होता. मांडीवर सायकलचं हेल्मेट होतं. "टोमॅटो कापला तरी पडतो तो."

मुंगीने पाणी शिंपडलं. त्याने डोळे उघडले. डोळ्यांत आधी छत आलं, मग ती आली, आणि मग… छताची काही गरज उरली नाही.

"सिस्टर, मी कुठे आहे?"

"माझ्या स्टुलावर. आणि मी सिस्टर नाही, टेक्निशियन आहे."

"बरं झालं," तो म्हणाला. का बरं झालं, ते मात्र सांगितलं नाही. "मी लिफ्ट दुरुस्त करतो. अकराव्या मजल्यावर दोराला लटकून."

"तिथे चक्कर येत नाही?"

"तिथे रक्त नसतं. निदान मी पडेपर्यंत तरी."

मुंगी हसली. हसायला नको होतं, कारण तपासणी पीएसएची होती. प्रोस्टेट ग्रंथीतून रक्तात उतरणाऱ्या या प्रथिनाचा आकडा चढला, तर कर्करोगाची शंका घ्यायची. पण नुसती शंकाच. आकडा दुसऱ्या कारणांनीही चढतो. म्हणून रक्त घेण्याआधी फॉर्मवरचे चार प्रश्न विचारायचे असतात. लघवीला जळजळ होते का? ताप आहे का? गेल्या दोन दिवसांत सायकल चालवली का? आणि चौथा — गेल्या दोन दिवसांत शरीरसंबंध आला का?

हा चौथा प्रश्न मुंगीला आपल्या वडिलांच्या वयाच्या माणसांना विचारावा लागे. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात तिने तो एका निवृत्त मुख्याध्यापकांना विचारला. त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, की ती निमूटपणे दाराबाहेर जाऊन उभी राहिली. त्यानंतर तिने तोडगा काढला. रोज सकाळी चहा पिता पिता फॉर्मचा गठ्ठा घ्यायचा आणि चौथ्या प्रश्नापुढे आपणच 'नाही'ची खूण करून टाकायची. एकटीच खूण संशयास्पद दिसते, म्हणून चारही प्रश्नांपुढे.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर.

"लिफ्ट तपासायला आलोय."

"या इमारतीला एकच मजला आहे."

"म्हणूनच म्हटलं, राहून गेली असेल."

तिसऱ्या दिवशी त्याने लिफ्टसाठी जागा मोजली. बरोबर तिच्या टेबलासमोर. मुंगी एका पेशंटला दोनदा "मुंगी चावेल" म्हणाली आणि टोचायलाच विसरली.

पाचव्या दिवशी तो आला तेव्हा त्याच्या हातात टेप नव्हती, रिपोर्ट होता.

"सहा पॉइंट आठ," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणतात, सोमवारी बायोप्सी करू."

"आणि… बाबा काय म्हणतात?"

"सायकल विकायला काढलीय. चाळीस वर्षांत एक दिवस सुटला नाही त्यांचा. तपासणीच्या आदल्या दिवशीसुद्धा साठ किलोमीटर मारून आले. इथेही सायकलवरच आले, मी मागून बसने." त्याने रिपोर्टची घडी घातली. "घरी हे बोलता येत नाही. तुमच्यासमोर येतं. तुमच्यासमोर आधीच पडून झालंय."

मुंगीचे कान तापले. हेल्मेट त्या दिवशी तिच्या डोळ्यांसमोर होतं, बाबांच्या मांडीवर, वीतभर अंतरावर. आणि फाइलमधून तिने काढलेल्या त्यांच्या फॉर्मवर तिचीच खूण होती — सायकल: नाही. गप्प बसली असती तर कुणाला कळणार होतं? तो तर तिच्याकडे इतक्या विश्वासाने बघत होता… थोडा वाईट वागला असता, तर सांगणं सोपं गेलं असतं.

तिने सगळं सांगितलं. गठ्ठा, चहा, खुणा.

"म्हणजे तुम्ही विचारलंच नाही," तो हळू म्हणाला.

"नाही."

"लाज वाटली म्हणून."

"हो."

"आई दोन दिवस जेवलेली नाही." एवढंच बोलून तो वळला. जाताना त्याचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. एरवी मुंगी हसली असती.

मग ती लॅबच्या मॅडमकडे गेली आणि तेच पुन्हा सांगितलं. मॅडमनी आधी चष्मा काढला, मग तिला फाडून खाल्लं, मग डॉक्टरांना फोन केला आणि शेवटी तिच्यासमोर जुन्या फॉर्मचा ढीग आपटला. एकेका घरी फोन करून मुंगीने ते चार प्रश्न विचारले. मुख्याध्यापकांनासुद्धा. डॉक्टरांनी बायोप्सी पुढे ढकलली. सहा आठवड्यांनी पीएसए पुन्हा करायचं ठरलं, जोडीला फ्री पीएसए, म्हणजे त्यातलं रक्तात मोकळं फिरणारं किती, तेही.

सहा आठवड्यांनी वडील, आई आणि तो असे तिघेही आले. तो भिंतीला टेकून उभा राहिला, तिच्याकडे न बघता.

"मी दुसऱ्या कुणाला तरी बोलावते," मुंगी पुटपुटली.

"कशाला?" वडील म्हणाले. "तुमची मुंगी बरी चावते. विचारा काय ते."

तिने विचारलं. जळजळ, ताप, सायकल. मग एक श्वास घेतला आणि चौथा. वडील आपल्या चपला बघू लागले.

"या वेळी नाही," आई म्हणाली. "मागच्या वेळी विचारलं असतंस तर…"

"अगं ए!"

"का? तपासणी आहे ना? खरं नको सांगायला?"

"इथून पळायला जिना कुठे आहे?" मुलाने भिंतीला विचारलं.

आकडा चार पॉइंट एक आला. फ्री पीएसएचं प्रमाणही बरं होतं. डॉक्टर म्हणाले, आत्ता बायोप्सी नको, सहा महिन्यांनी परत बघू. आकडा सायकलमुळे चढला होता की आणखी कशामुळे, ते त्यांनाही छातीठोकपणे सांगता येईना.

हे कळवायला तो स्वतः आला.

"बाबांचा तुमच्यावर राग नाही."

"आणि तुमचा?"

"मी सहा आठवडे रागावलो होतो. रोज. पण रागवायचं म्हणजे आधी तुमची आठवण काढावी लागते. सकाळी एकदा, दोरावर एकदा, संध्याकाळी एकदा… आता राग गेलाय. आठवण मात्र वेळेवर येते."

मुंगी फरशीकडे बघत राहिली. "मला अजून लाज वाटते. तुमच्या आईंसमोर मी उभी नाही राहू शकणार."

"मग बसा. तिनेच बोलावलंय. तिला एक विचारायचंय. लपवता आलं असतं, तरी त्या मुलीने का सांगितलं?"

मुंगीने टेबलावरच्या बाटल्या एका रांगेत लावल्या.

"सांगितलं नसतं," मुंगी म्हणाली, "तर तुम्ही येतच राहिला असता… लिफ्टसाठी. आणि मला रोज तुमच्याकडे बघून हसावं लागलं असतं. ते… खोटं हसायचं नव्हतं मला. तुमच्याकडे बघून तर नाहीच."

इतका उंच माणूस एवढा लाल झालेला तिने कधी पाहिला नव्हता.

"हे आईला तुम्हीच सांगा," तो कसाबसा म्हणाला. "मला जमणार नाही."

मुंगीने हातमोजे काढले, हात धुतले. लाज गेली नव्हती. ती लाज तिने सोबतच घेतली आणि त्याच्याबरोबर बसस्टॉपवर जाऊन उभी राहिली. बस आली तेव्हा तिने त्याचा हात धरलेला होता, की त्याने तिचा, यावर दोघांचं अजून एकमत झालेलं नाही.