हवा बंद होती

पटो न पटो, हे माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलंय. मंगळवारी, भर दुपारी, कारखान्याच्या टेस्टिंग शेडमध्ये.

मामाचं काम गळती शोधायचं. गॅसच्या व्हॉल्व्हमध्ये दाबाने हवा भरायची, कानाला हेडफोन लावायचा आणि हातातला सेन्सर सांध्यांवरून फिरवायचा. केसाएवढी फट असली तरी कानात 'स्सस्' वाजतं. काही तोडायला नको, उघडायला नको.

पण त्या मंगळवारच्या सहा महिने आधी घरी जायच्या घाईत मामाने एक व्हॉल्व्ह न तपासताच पास केला.

नेमका तोच गळला. बंद खोलीत गॅस कोंडला आणि तो बसवणारा फिटर, मामाचा जिगरी दोस्त, गुदमरून गेला.

चौकशीत ठपका फिटरवरच आला. "त्यानेच नट नीट आवळला नसेल."

मामा तिथेच बसला होता. चकार शब्द काढला नाही.

त्या मंगळवारी जेवणाची सुट्टी झाली. शेड रिकामी. कॉम्प्रेसर बंद. मामाने पुढचा व्हॉल्व्ह टेबलावर ठेवला, सहज हेडफोन लावला...

स्सस्...

हवा तर अजून भरलीच नव्हती.

त्याने सेन्सर व्हॉल्व्हपासून लांब नेला. आवाज कमी व्हायला हवा होता.

वाढला...

थांबला. पुन्हा आला. थांबला.

कुणीतरी श्वास ओढत होतं.

मामाने सेन्सर समोरच्या रिकाम्या बाकाकडे वळवला, आणि अगदी कानाशी... खोकला.

मामाने हेडफोन भिरकावला. तेवढ्यात सुपरवायझर आत आला. "काय झालं रे?" म्हणत त्याने तो उचलून कानाला लावला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"कोण खोकतंय इथे?"

मामा तेव्हाही गप्पच राहिला. हे सांगताना त्याची मान अजून खाली जाते.

संध्याकाळी मात्र तो फिटरच्या घरी गेला. वहिनींनी दार उघडलं.

"वहिनी, तो व्हॉल्व्ह..."

"तुम्ही तपासलाच नव्हता," त्या म्हणाल्या. "मला दुपारीच कळलं. तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."

मामाने तोवर ही गोष्ट कुणालाच सांगितली नव्हती. मामीलाही नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने सगळं लिहून दिलं. नोकरी गेली. फिटरवरचा ठपका पुसला गेला.

पण वहिनींना दुपारी कुणी सांगितलं, हे विचारायचं धाडस त्याला आजवर झालेलं नाही.

मी एकदा म्हटलं, "मामा, मी विचारून येऊ?"

त्याने माझा हात घट्ट धरला.

"नको... त्याने आणखी काय काय सांगितलं असेल..."