बंद भट्टीची ऊब

ही घटना खरी आहे. पटत नसेल तर सोडून द्या, पण कोरिनला खोटारडी म्हणू नका.

मागच्या जानेवारीत, कॅनडातल्या डॉफिन गावात घडलेली. बाहेर उणे चौतीस. दुपार सरली नाही तोच अंधारून आलेलं. कोरिनचा नवरा ट्रक घेऊन लांब गेलेला. घरात ती आणि तिचं तान्हं बाळ, ओवेन. भाड्याचं घर, नुकतंच घेतलेलं.

घरभर गरम हवा पोचवणारी तळघरातली गॅसभट्टी अचानक बिघडली.

म्हणजे पंखा चालू होता... पण जाळ नव्हता.

झाकणाच्या काचेमागे लाल दिवा चार वेळा लुकलुकायचा. थांबायचा. पुन्हा चार वेळा. चार लुकलुकींचा अर्थ झाकणावरच्या कागदात दिला होता : नको असताना आत जाळ पेटलेला आहे.

कोरिनने वाकून पाहिलं.

आत मिट्ट काळोख...

पाइप गोठू नयेत म्हणून तिने नळ बारीक सोडून ठेवला आणि विल्फला फोन केला. गावातल्या निम्म्या भट्ट्या तोच दुरुस्त करायचा.

विल्फने जाळ ओळखणारी काडी घासली. मग नवीन बसवली.

दिवा चार वेळा लुकलुकला.

"खोटं बोलतेय ही, पोरी," तो म्हणाला. "जाळाचा पत्ता नाही, आणि म्हणते, जाळ आहे!"

"ती खोटं बोलतेय की तुम्ही?" कोरिन फणकारली. "आता म्हणाल, अख्खी भट्टीच बदला. नवीन भाडेकरू दिसला की सगळ्यांचे हात शिवशिवतात."

विल्फ हसला नाही. त्याने गॅसचा कॉक बंद केला.

"आता कुठून पेटेल?"

दिवा पुन्हा चार वेळा लुकलुकला...

कोरिन धावत वर गेली. घर बर्फासारखं गार पडलं होतं. भट्टीची हवा सोडणाऱ्या स्वयंपाकघराच्या जाळीतून गार वारा, बैठकीतल्या जाळीतूनही गार वारा.

ओवेनच्या मागच्या खोलीत मात्र...

छान ऊब होती.

तिने जमिनीवरच्या जाळीला हात लावला. हवा गरम येत होती. त्या हवेला उतू गेलेल्या दुधाचा वास होता.

ओवेन गाढ झोपला होता. तिने त्याच्याभोवती गुंडाळलेलं पांघरूण कुणीतरी काढून त्याच्या पायाशी ठेवलं होतं. नीट घडी घालून.

"तुम्ही वर आला होतात?" तिने जिन्यातून खाली विल्फला विचारलं.

"मी? तू माझ्या डोक्यावर उभी होतीस की!"

विषारी वायू मोजायचं यंत्र घेऊन विल्फ वर आला. काटा शून्यावर. त्याने दोनदा बघितलं; उबेचं कारण सापडेना. त्याचा चेहरा उतरला, पण तो म्हणाला, "हवा साफ आहे. पोराला इथेच राहू दे. बाहेर नेलंस तर गारठेल."

कोरिन घाबरली होती. थंडीला नाही, त्या उबेला.

"फुकटची ऊब मला नको," ती म्हणाली. तिने ओवेनला कोटात घेतलं आणि रस्ता ओलांडून समोर राहणाऱ्या स्टेफनिया आजींचं दार ठोठावलं.

आजी अंगात कोट, डोक्यावर टोपी अशाच दारात उभ्या होत्या.

"आजी, आज इथे राहू का?"

"विचारतेस काय, आत ये आधी! पोराला त्या मागच्या खोलीत तर निजवत नव्हतीस ना?"

कोरिनने मान डोलावली. तिथेच निजवत होती.

आजींनी छातीवर क्रुसाची खूण केली आणि तिला आत ओढलं.

आतल्या उबेने कोरिनचे हातपाय मोकळे झाले. तिने कोट काढला. ओवेन मांडीवर झोपलेलाच होता.

"बरं वाटलं हो, आजी. तुमची भट्टी तरी धड चालतेय."

आजींनी तिच्याकडे पाहिलं. मग ओवेनकडे.

"भट्टी कसली गं? माझा लाकडाचा स्टोव्ह. आत्ताच बहिणीकडून आले..."

"मग?"

"अजून पेटवलाही नाही."

कोरिन आणि तिच्या नवऱ्याने ते भाड्याचं घर सोडलं. त्या हिवाळ्यात ओवेनला साधी सर्दीही झाली नाही. सगळे म्हणतात, पोर नशिबाचं.

कोरिनला ते ऐकवत नाही. त्याला कुशीत घेतलं की तो गरम लागतो. ती ऊब त्याची स्वतःची आहे की दुसऱ्या कुणाची... हे तिला अजून कळलेलं नाही.