वल्ह्याचा ठेका

"खुर्ची वाजवू नका."

तो वाजवत राहिला. दोन्ही हातांच्या बोटांनी, खुर्चीच्या लाकडी हातांवर, अगदी हलकं... पण वाजवत. बाहेर पाऊस लागून राहिला होता, खालच्या सायकलवाल्याच्या पत्र्यावर तडतडत होता, आणि हा गृहस्थ जणू त्या पावसाला साथ करत होता. कानांच्या दवाखान्यात येणारी माणसं आधीच वैतागलेली असतात. त्यात हे.

मी त्याच्या डाव्या खांद्यापाशी उभी होते. पुन्हा म्हटलं, "अहो, खुर्ची!"

काही नाही. समोर जाऊन उभी राहिले तेव्हा कुठे त्याने मान वर केली.

"सॉरी. हात ऐकत नाहीत."

"कान ऐकतात का ते बघायला आलात ना? हातांचं नंतर बघू. चला, तुमचीच पाळी आहे."

तो हसला. आधी डोळे हसले, मग ओठ... मी नजर फिरवली. गोड हसणाऱ्या माणसांचा मला अनुभव होता, आणि तो काही गोड नव्हता.

आधीच्या हिवाळ्यात माझं ठरलेलं लग्न मोडलं होतं. मुलाकडचे म्हणाले, मुलगी फटकळ आहे. खोटं नव्हतं. पण साखरपुड्याला गप्प बसलेली मुलगी पुढे जन्मभर गप्प बसेल असं त्यांनी धरून चालायचं आणि चूक माझी? असो. घरी आई भाजी चिरायची त्या सुरीच्या आवाजातसुद्धा मला बोलणी ऐकू यायची. सकाळी अंथरुणातून उठावंसं वाटायचं नाही.

उठवलं ते एका गाण्याने.

नावाड्यांचं जुनं गाणं. कुणी रचलं, कुणाला ठाऊक. एका बँडने त्याला गिटार आणि ड्रम जोडले होते, आणि गाणारी बाई अशी गात होती की घसा फाटला तरी बेहत्तर. 'किनारा काही चालत येत नाही... ओढ गड्या, ओढ.' बस, एवढंच. सगळं छान होईल वगैरे थापा नाहीत. आणि खाली ड्रम... दोन ठोके, जरासा श्वास, मग एक. दोन... आणि एक. पाण्यात वल्ही पडावीत तसे. दवाखान्याचा चढ मी त्या ठेक्यावर चढायचे. पाय जड झाले की ड्रम ओढून न्यायचे. मग एके दिवशी लक्षात आलं, आपण चढताना गुणगुणतोय. ज्यांना असलं संगीत म्हणजे धांगडधिंगा वाटतो, त्यांच्यावर पडून पुन्हा उठायची वेळच आली नसावी.

तर, तपासणी.

आमच्याकडे एक काचेची खोली आहे. तिचं दार लावलं की बाहेरचा पाऊस कापल्यासारखा बंद होतो. तो आत बसला, मी त्याच्या कानांवर हेडफोन चढवणार, तेवढ्यात त्याने विचारलं, "पाऊस थांबला?"

"नाही. तुम्ही आत आलात."

त्याने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मी त्याच्या हातात बटण दिलं. "बारीक आवाज येतील. आला की दाबायचं."

"आणि नाही आला तर?"

"तर नाही दाबायचं. एवढं सोपं आहे."

"आयुष्यात काही एवढं सोपं असतं का हो?"

"बटण असतं."

मी बाहेर येऊन यंत्रापाशी बसले. आत त्याने बटण दाबलं की माझ्यासमोर एक छोटा दिवा लागतो. उजवा कान उत्तम. डावा... तोही उत्तम. बारीकातला बारीक आवाज, दिवा हजर. इतका चांगला कान शाळेतल्या पोरांचाही नसतो. मला ते 'अहो, खुर्ची' आठवलं. कुठल्या खांद्यापाशी उभी होते मी?

मी आवाज पूर्ण बंद केला. हात मांडीवर ठेवून नुसती बसले.

दिवा लागला. पुन्हा लागला. जरासा श्वास... आणि पुन्हा एकदा.

दोन. आणि एक.

माझ्या डोक्याआधी माझ्या पायांनी ओळखलं. रोज तोच चढ चढत होते ना ते.

मी दार उघडलं. "मघापासून आवाज बंद आहे."

तो कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. "मग... तुम्ही थांबायला हवं होतं ना," तो पुटपुटला. "मध्येच ठेका सोडून कोण देतं?"

"कसला ठेका?"

"तुमचाच. उजव्या कानाच्या वेळी कळला मला. दोन आवाज, श्वास, एक. वल्ह्याच्या गाण्याचा."

आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात, दोन आवाजांमधलं अंतर सारखं बदलतं ठेवा, नाहीतर पेशंट अंदाजाने दाबतात. मला वाटायचं, मी ठेवते. आणि माझं बोट आपलं वल्हं मारत बसलेलं! आजवर कुणी पकडलं नव्हतं. बाकीच्या पेशंटना ठेका पकडायची सवय नसते.

"तुम्हाला कसं माहीत ते गाणं?" मी विचारलं.

"माहीत?" तो हसायला लागला. "त्यातले ड्रम मी वाजवलेत."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. गाणाऱ्या बाईचा चेहरा सगळ्यांना पाठ असतो, ड्रमवाल्याकडे कोण बघतं? पण लाज ओसरली आणि मागून राग आला. माझा राग कधी फार लांब नसतो.

"आणि फसवलंत कशाला?"

"पुढच्या आठवड्यात इथे कार्यक्रम आहे आमचा. गाणारी माझी ताई. तिने सांगितलंय, कान तपासून आल्याशिवाय ड्रमला हात लावायचा नाही. म्हणून... तुम्हाला नाही हो, मशीनला फसवलं."

"मशीनमागे मी बसते."

मी पुन्हा हेडफोन चढवले आणि या वेळी आवाज असे वेडेवाकडे दिले की खुद्द वल्ह्याचा शोध लावणाऱ्यालाही पाणी सापडू नये. डाव्या कानाचे वरच्या पट्टीतले, बारीक आवाज गेले होते. बरेचसे.

गोळी साखरेत घोळून द्यायचं मला जमत नाही. "गेलेलं परत येणार नाही," मी म्हटलं. "ड्रमच्या डाव्या बाजूची झांज खातेय कान. तुमच्या मापाचे इअरप्लग घालून वाजवलंत तर उरलेलं वाचेल. नाही घातलेत तर उजवाही त्याच वाटेने जाईल. झांज कधीपासून नीट ऐकू येत नाही?"

"मला वाटलं, झांजच जुनी झाली. नवी विकत आणली मी." तो हसला. मग हसू चेहऱ्यावरच राहिलं आणि डोळे मात्र भलतीकडे गेले. "ताईला तुम्ही सांगणार?"

"मी पेशंटच्या बहिणींना फोन करत बसत नाही. ते तुमचं काम."

दोनच दिवसांनी तो कानांचा साचा द्यायला आला. केस ओले, हातात छत्री... आणि छत्री मिटलेली.

"छत्री वाचवलीत वाटतं?"

"वाजवत आलो. उघडली की वाजत नाही." खुर्चीत बसल्या बसल्या त्याने जाहीर केलं, "इअरप्लग घालीन मी. शब्द. फक्त वल्ह्याचं गाणं सोडून. ते घातले की सगळं उशीखालून ऐकू येतं. त्या गाण्यात नाही जमायचं. आणि रंग अंगाच्या रंगासारखा द्या. कुणाला दिसायला नकोत."

हे ऐकलं की माझं टाळकं फिरतं. डोळे गेले की लोक चष्मा मिरवतात, फ्रेम निवडायला सगळं घर दुकानात नेतात. आणि कान गेला की तो केसांखाली लपवायचा! काय, चोरी केलीय?

मी पिचकारी भरली. साच्याची पेस्ट थंडगार असते, पिचकारीने कानात भरावी लागते. आधी डावा, मग उजवा. त्याने डोळे मिटून घेतले. "थंड!" तो शहारला. पेस्ट घट्ट होईपर्यंत पेशंटने जबडा न हलवता बसायचं असतं.

तो बसला. मिटलेले डोळे, बुजलेले कान, आणि भुवईवर पावसाचा एक थेंब राहून गेलेला... आणि माझ्या तोंडाला कुलूप कधी नव्हतंच.

"हलू नकोस," मी म्हटलं. "ऐक. नाहीतर नकोच ऐकू, म्हणून तर बोलतेय. मूर्ख आहेस तू. त्या हिवाळ्यात मला सगळ्यांनी समजावलं, आईने, मावशीने, शेजारणीने. उठवलं फक्त तुझ्या त्या ठोक्यांनी. आणि आता तेच ठोके ऐकायला तूच उरणार नाहीस? मी येणार आहे कार्यक्रमाला. मागच्या रांगेत उभी राहीन, मला गर्दी सोसत नाही. त्या गाण्याला तुझ्या कानात काही दिसलं नाही तर तिथून निघून जाईन. कारण... मला आवडायला लागलायस तू. आणि आवडत्या माणसाला बहिरं होताना बघायला मी टाळ्या वाजवत उभी राहणार नाही. कळलं?"

त्याच्या पापण्या हलल्या नाहीत. मी घसा खाकरला, कान मोकळे केले, दोन्ही साचे ट्रेमध्ये ठेवले.

"काहीतरी म्हणत होतात का?" त्याने विचारलं.

"हलू नका, म्हणत होते."

"एवढं लांबलचक?"

"तुम्ही फार हलता."

तो उठला, छत्री घेतली, जिन्यापर्यंत गेला. मग वळला. "रंग बदला. नारिंगी करा, अगदी भडक. मागच्या रांगेतून दिसायला हवेत."

मला वाटलं, चला, आली अक्कल. बाई शहाणी असली तरी कधी कधी अशी ठार आंधळी होते.

इअरप्लग बनून आले त्या दिवशी मी सुट्टीवर होते. ते परस्पर नेले गेले. मधल्या दिवसांत मी सकाळी चढ चढताना ते गाणं लावलं नाही. पाय ओढत गेले, पण लावलं नाही. त्या गाण्याचं काय करायचं ते आता त्याच्या हातात होतं.

सभागृह भरलं होतं. मी मागच्या रांगेत, खांबाला टेकून उभी. दिवे लागले आणि एवढ्या लांबूनही ते दिसले, कानांत दोन नारिंगी ठिपके! पहिल्या गाण्याला लोक बसून होते, दुसऱ्याला पायांनी ताल धरायला लागले, आणि मग सगळं सभागृहच उठलं. माझ्या पुढचे एक जाडजूड काका बायकोची पर्स धरून डोलत होते. घरून कुठलं कुठलं ओझं उचलून माणसं येतात, आणि चार ठोक्यांत त्यांचे खांदे वर येतात. हे मी डोळ्यांनी पाहिलं.

शेवटचं गाणं वल्ह्याचं. ताई माइकपाशी आली. त्याने काठ्या खाली ठेवल्या... आणि हात कानाकडे नेला.

माझी बोटं खांबावर गच्च झाली. दार डावीकडे होतं. मी एक पाऊल तिकडे टाकलंसुद्धा.

त्याने डाव्या कानातला नारिंगी ठिपका अंगठ्याने आणखी आत दाबला. मग उजव्यातला. आणि ताईने माइकचा दांडा उचलला. त्यांच्या प्रत्येक फोटोत ती त्याच्या डावीकडे उभी असते. ती त्याच्यामागून वळसा घालून उजवीकडे गेली, तिथे दांडा रोवला आणि त्याच्याकडे बघून मान हलवली.

म्हणजे त्याने सांगितलं होतं.

दोन ठोके. श्वास. एक. 'किनारा काही चालत येत नाही...' सगळं सभागृह ओरडत होतं, आणि मी, खांबाला धरून, रडत होते आणि हसत होते आणि ओरडतही होते. ठेका तसूभरही हलला नाही. उशीखालून म्हणे!

गर्दी पांगली तशी मी बाहेर पायऱ्यांवर येऊन थांबले. भुरभुर पाऊस होता. वायरींचं भेंडोळं खांद्यावर टाकून ताई पहिली आली, मला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाली, "तूच का गं ती? याचे कान उपटायला मला लहानपणापासून जमलं नाही, तू आठवड्यात उपटलेस. जेवून जा आमच्याबरोबर." आणि उत्तराची वाट न बघता गाडीकडे गेली.

तिच्यामागून तो. ठिपके अजून कानांतच.

"घातलेत तुम्ही," मी म्हटलं. एवढंच सुचलं.

"तू."

"काय?"

"त्या दिवशी मला तू म्हणाली होतीस. आता परत तुम्ही कशाला?"

पाऊस, पायऱ्या, समोरचा दिवा... सगळं काचेच्या खोलीत गेल्यासारखं गप्प झालं.

"तुम्हाला... ऐकू..."

"पेस्टने आवाज कमी होतो, बंद होत नाही. आणि माझा उजवा कान उत्तम आहे. तूच सांगितलंस."

रोज पेशंटना जे समजावते, ते मीच विसरले होते. "कुठपासून ऐकलंस?"

"'हलू नकोस'पासून."

"म्हणजे सगळं."

"सगळं. मूर्खासकट." त्याने इअरप्लग काढले, डबीत ठेवले, डबी खिशात. केसांवर पावसाचा भुगा साचला होता. "ताईलाही त्याच संध्याकाळी सांगितलं. म्हटलं, एक बाई मागच्या रांगेत उभी राहणार आहे, तिला जाऊ द्यायचं नाहीय मला." तो थांबला. हात चुळबुळत होते, पण वाजवायला खुर्ची नव्हती. "ते... 'कारण'च्या पुढचं वाक्य परत म्हणशील? कानात काही नसताना?"

मी त्याच्या डाव्या बाजूला उभी होते. वळसा घालून उजवीकडे गेले. त्याच्या कानाशी वाकले आणि म्हटलं, अगदी बारीक आवाजात, यंत्रावरच्या सगळ्यात बारीक आवाजाएवढं.

त्याने माझा हात हातात घेतला आणि अंगठ्याने दाबला.

दोनदा. जरासा श्वास... आणि पुन्हा एकदा.