डावीकडच्या तारा

अलिबागहून नागावकडे जाणाऱ्या रस्त्यावर, चिंचेच्या सावलीत माझं गॅरेज होतं. एस.टी.च्या गाड्या डेपोतच दुरुस्त व्हायच्या. माझ्याकडे यायचे ते मालट्रक, दोन-चार टॅक्सी आणि मुंबईकर बंगलेवाल्यांच्या मोटारी. आम्ही बेने इस्रायल, कोकणातले यहुदी; मूळचे चौलचे, म्हणजे जुन्या चेऊलचे, म्हणून आडनाव चेऊलकर. शनिवारी गॅरेज बंद असे, आणि शनिवारीच नेमकी कुणाची तरी गाडी बंद पडे.

नागावच्या तळपद्यांची एमजी मात्र कधी ढकलत आणावी लागली नाही. लाल रंगाची, दोनच माणसांची, टप उघडणारी स्पोर्ट्स गाडी. ती चालवायच्या केसरबाई. त्यांचे यजमान हरेश्वर तळपदे, सहा फुटी, मितभाषी सॉलिसिटर, डाव्या बाजूला मांडीवर हॅट धरून बसलेले असायचे. ओहोटीला नागावची वाळू फरशीसारखी घट्ट होते. सकाळी तिथे बाई गाडीनं मोठमोठी वळणं काढायच्या, आणि तळपदे एका हातानं दार धरून हसायचे. गावाला त्याची सवय झाली होती.

सत्तावन साली बाई माझ्याकडे एक विलायती मासिक घेऊन आल्या.

"चेऊलकर, ही पत्र्याची चाकं काढा. मला अशी हवीत, तारांची."

"खाऱ्या हवेत टिकायची नाहीत, बाई. तारा गंजतात, ढिल्या होतात. दर पंधरा दिवसांनी बघायला लागतील."

"मग दर पंधरा दिवसांनी येऊ," त्या म्हणाल्या. आयातीचा परवाना, आगबोट, सगळं त्यांनीच जुळवलं.

कार्तिकात एका सकाळी त्या एकट्याच गाडी घेऊन वाळूवर गेल्या. भरती चढायला लागली तरी परतल्या नाहीत, तेव्हा त्यांच्याकडे स्वयंपाकाला असलेली मनुबाई बघायला गेली. गाडी पाण्यात उभी होती, अर्धी चाकं बुडालेली. आत कुणी नव्हतं. अक्षीच्या कोळ्यांनी होड्या घातल्या. काही हाती लागलं नाही. पोहायला उतरल्या म्हणावं, तर वाळूवर चपला नव्हत्या. त्या सकाळी काय झालं ते आजही कुणाला ठाऊक नाही.

पौषात चाकांची खोकी लाँचनं रेवस बंदराला आली. तळपदे स्वतः ती घेऊन गॅरेजवर आले. अंगावरचा कोट सैल झाला होता.

"तिनं मागवलेली आहेत," ते म्हणाले. "बसवून टाका."

पत्र्याची चाकं मिठानं खाल्ली होती. काढताना बोल्ट तुटले. तारांच्या चाकासाठी आधी आसावर खाचांचं नवं तुंब, म्हणजे हब, बसतं. त्याला ग्रीस लावून चाक आत सरकवायचं आणि वरून दोन कानांचा एकच मोठा नट तांब्याच्या हातोडीनं ठोकायचा. डावीकडचे आटे एका दिशेचे, उजवीकडचे उलटे, म्हणजे चालताना नट सुटत नाही. हे सगळं मी तळपद्यांना सांगत होतो, कारण गप्प राहणं कठीण झालं होतं. शेवटचा नट त्यांनी मागून घेऊन स्वतः ठोकला.

पंधरा दिवसांनी ते तपासणीला आले. तारेवर पान्यानं हलकेच टिचकी मारली की घट्ट तार वाजते, ढिली नुसती थपकन बोलते. उजवी चाकं ठीक होती. डावीकडच्या दोन्ही चाकांत मात्र बऱ्याच तारा ढिल्या निघाल्या. मला नवल वाटलं नाही. रस्ता कडेला उतरता असतो, डाव्या बाजूवर भार जास्त येतो. तारा आवळून दिल्या.

पुढच्या खेपेला पुन्हा तेच. मग मी डावी चाकं उजवीकडे आणि उजवी डावीकडे घातली. चाकातच खोट असेल, तर ती चाकाबरोबर जाईल.

गेली नाही. ढिल्या झाल्या त्या डावीकडच्याच.

"गाडीत शेजारी कुणाला नेता का?" मी विचारलं.

"कुणाला नेणार?" तळपदे म्हणाले. "सकाळी वाळूवर एक फेरी मारतो. एकटाच."

वाळूवर म्हटल्यावर माझा उताराचा हिशेब फिसकटला. तिथे कसली आली कड?

एका सकाळी मी नागावला जाऊन त्यांची फेरी पाहिली. गाडीत ते एकटेच होते. गाडी गेल्यावर मी चाकांचे ठसे बघायला खाली बसलो. चालवणारा उजवीकडे, म्हणजे उजवा चाकोरा खोल हवा. दोन्ही सारखेच खोल होते. हवा तपासली, स्प्रिंगा तपासल्या. शेवटी मी माझ्या बायकोला, मिलकाला, घेऊन आलो आणि तळपद्यांकडून गाडी मागून घेतली. एकदा एकटा चालवली, एकदा तिला शेजारी बसवून. एकटा असताना डावा चाकोरा उथळ उठला. ती बसली तेव्हा दोन्ही सारखे झाले.

मिलकानं ते बघितलं आणि पदर अंगाभोवती ओढून घेतला.

तळपदे सुरूच्या झाडांपाशी उभे राहून बघत होते. त्यांच्यापासून काही लपवता येण्यासारखं नव्हतं.

"म्हणजे भार आहे," ते म्हणाले.

"तसं दिसतं. कशामुळे ते मला सांगता येत नाही."

त्यांनी वाकून डाव्या चाकोऱ्यात हात ठेवला. मग म्हणाले, "तारा आवळू नका, चेऊलकर. असू द्या तशाच."

"चाक मोडेल, साहेब. तुमचा जीव जाईल. ते मी करणार नाही."

"बरं," ते म्हणाले. "पण ढिल्या किती झाल्या ते मला सांगत जा."

तेव्हापासून ते माझ्या हाताशी उभे राहू लागले. मी टिचकी मारायचो, ते कान देऊन ऐकायचे. थपकन आवाज आला की त्यांचा चेहरा निवळायचा. दवाखान्यात आपल्या माणसाची नाडी लागली की निवळतो, तसा. कोट पुन्हा अंगाला बसायला लागला. मनुबाई बाजारात भेटली तर म्हणाली, "सायेब जेवतात आता. मासलीबी मागतात." मला स्वतःला ते काम नकोसं झालं होतं, पण त्यांना नाही म्हणवत नव्हतं.

वैशाखात एकदा मी चारही चाकं वाजवली. सगळ्या तारा वाजल्या.

"डावीकडच्या पुन्हा बघा," तळपदे म्हणाले.

मी पुन्हा बघितलं. मग त्यांनी माझ्या हातातून पाना घेतला आणि गुडघ्यांवर बसून स्वतः एकेक तार वाजवली. एकही ढिली नव्हती.

जाताना चालवणाऱ्याच्या दारावर हात ठेवून ते थांबले.

"या बाजूला मी कधी बसायचो का हो?"

"नाही. चालवायच्या त्या बाईच."

"हो ना," ते म्हणाले. "तिची जागा अडवून बसलो मी."

दुसऱ्याच दिवशी सकाळी मनुबाई धापा टाकत गॅरेजवर आली.

"तुमी चला. सायेब वालूवर गाडीत बसलेत. हाक मारली तर बघत न्हाय."

"गाडी कुणी नेली?"

"त्यांनीच नेली असंल. घरात दुसरं कोन हाय?"

आम्ही गेलो तेव्हा ओहोटी होती. झाडांपासून निघालेले चाकोरे वाळूवर मोठमोठी वळणं घेत गेले होते. पाण्याजवळ जाऊन पुन्हा वर, पुन्हा खाली. दोन्ही सारखेच खोल. त्यांच्या टोकाला गाडी उभी होती.

गाडीभोवती मनुबाईची पावलं होती. दुसरी नव्हती.

तळपदे डाव्या बाजूला बसले होते. मांडीवर हॅट, एक हात दारावर. डोळे समोर. चेहरा इतका शांत होता, की आधी मला भलतीच शंका आली. मग त्यांची पापणी लवली.

"साहेब, घरी चलायचं का?"

बॉनेट गरम होतं. चालवून झाल्यावर माणूस आतल्या आत शेजारी सरकू शकतो, असं मी स्वतःला सांगितलं.

मी चालवणाऱ्याच्या बाजूचं दार उघडलं आणि बसायला गेलो. बसता येईना. गुडघे स्टिअरिंगच्या चक्राला अडकले. मी काही उंच नाही, तळपद्यांच्या खांद्याला लागतो. आसन रुळावरून पार पुढे ओढलेलं होतं.

ते मागे सारायला मी खाली हात घातला. खटका सापडला.

"राहू द्या, चेऊलकर," तळपदे हळूच म्हणाले. "तिचे पाय पोचत नाहीत."

मी हात काढून घेतला.