वसुधानं परत जायला नको होतं

काकासाहेब हे नाव ऐकून कुणालाही वाटेल, पन्नाशीचा, टोपी घातलेला, सुपारी कातरणारा माणूस असेल. माझ्या मशीनसमोर जो उभा होता तो जेमतेम सव्वीस वर्षांचा होता. केसांत कापसाचे तंतू अडकलेले. खांद्यावरच्या झोळीचा बंद तुटला होता, म्हणून ती त्यानं तान्ह्या लेकरासारखी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.

"ताई, एवढं शिवून देता का? जल्दी हाय जरा."

"इथं साड्यांचं फॉल-पिको होतं," मी म्हणाले. "झोळ्या न्हाई शिवत."

"मंग हिला साडीच समजा."

माझ्यामागे बसलेली रजिया फस्सकन हसली. मी हसू दाबलं, पण हात पुढे केला.

ही दोन हजार दोन सालची, दिवाळीनंतरची गोष्ट. परतूरच्या बाजारात एका साडीच्या दुकानाच्या ओट्यावर माझं मशीन असायचं. दुकान दुसऱ्याचं, मशीन माझं. मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, कापूस यायला लागला की गाड्यांवरून उडणारे तंतू गावभर तरंगत फिरायचे. काळी साडी हातात असली तर घडीघडी फुंकर मारावी लागायची.

आदल्या संध्याकाळी टीव्हीवरची 'बंद देवघर' मालिका संपली होती. दोन वर्षं दर शुक्रवारी आठ वाजले की बाजार ओस पडायचा. मोहित्यांच्या देवघरातून सासऱ्याचं मृत्युपत्र नाहीसं होतं, आळ येतो धाकट्या सुनेवर, वसुधावर, आणि सगळे मिळून तिला चोर ठरवून घराबाहेर काढतात. मृत्युपत्र पळवलं कुणी, यावर आमच्या ओट्यावर दोन वर्षं भांडणं झाली. शेवटच्या भागात कळलं की ते खुद्द सासूनंच जाळलं होतं. मग सगळं घर हात जोडून वसुधाच्या दारात गेलं. सासू रडली, वसुधा रडली, आणि वसुधा त्यांच्याबरोबर परत आली. आमच्या घरी आईनंसुद्धा पदरानं डोळे पुसले.

"मैं तो पहलेच बोली थी, सास निकलेगी!" रजिया सकाळपासून हेच सांगत होती. ती माझी मैत्रीण. दोन गल्ल्या पलीकडे राहायची, आणि कामापेक्षा गप्पांनाच जास्त यायची. "पण शेवट लई चांगला केला बघ. मी तर रडले."

"काय चांगला?" माझा पाय मशीनवर जोरात पडला. "वसुधानं परत जायलाच नको होतं. दोन वर्षं चोर म्हणले, अन् एका दिवसात हात जोडले की झालं? गल्लीत सगळ्यांसमोर काढली होती ना तिला? मंग माफी घराच्या आत कशाला? मी असते तर पाऊल टाकलं नसतं त्या घरात!"

मी मान वर केली तेव्हा तो झोळीतून निघालेल्या वहीत भराभरा लिहीत होता.

"हे काय करून राह्यले तुम्ही?"

"मी वार्ताहर हाय. जालन्याच्या पेपरात लिहितो." तो जरा लाजला. "काल रातीच फोन आल्ता संपादकांचा... शेवटच्या भागाबद्दल बायका काय म्हणून राह्यल्या ते आणा. सकाळपासून सात जणींना विचारलं. सगळ्या एकच म्हणल्या, छान झाला, डोळ्यात पाणी आलं. तुम्हीच पहिल्या भांडल्या."

"भांडले न्हाई. बोलले."

"बराबर. बोलल्या. नाव काय लिहू?"

"बेबीनंदा धर्मराज खरात. अन् तुमचं?"

"काकासाहेब."

मी आणि रजियानं एकमेकींकडे पाहिलं. त्याला त्याची सवय असावी.

"आजोबाचं नाव ठेवलं हो," तो म्हणाला. "वर्गात मास्तर हजेरी घ्यायचे तर स्वतःच उठून उभं राहायचे."

मी खरंच हसले. त्याच वेळी त्यानं झोळीतून काढून ठेवलेला रीळवाला कॅमेरा उचलला आणि फोटो घेतला. बंद शिवून दिल्यावर जाताना म्हणाला, "येतो ताई. छापून आलं की अंक आणून देतो."

"या, काकासाहेब," मी म्हणाले... आणि तो वळल्यावर उगाचच रजियाच्या पाठीत एक धपाटा घातला.

मंगळवारी आलं छापून. सात जणींची नावं एका ओळीत, आणि त्यांच्यावर चौकटीत माझा फोटो. चांगला आला होता, मी हसत होते. खाली ठळक अक्षरात: "वसुधानं परत जायला नको होतं." एक शब्द त्यानं बदलला नव्हता. अंक घेऊन तो स्वतः आला, आणि बराच वेळ ओट्याच्या कडेला बसून राहिला. मोंढ्यातले भाव घ्यायचे होते म्हणे. भाव मोंढ्यात मिळतात, साडीच्या दुकानात नाही, हे मी त्याला सांगितलं नाही.

"लोक काय म्हणले?" मी विचारलं.

"अर्धे म्हणले, पोरगी बराबर बोलली. अर्धे म्हणले, पोरगी लई बोलती."

"अन् तुम्ही?"

"मी?" त्यानं केसांतला तंतू काढायला हात नेला, आणि भलत्याच बाजूचे केस विंचरले. "मी तर लिहून घेतलं. दोनदा वाचलं. मंग... अजून एकदा."

मी सुईत दोरा ओवायला घेतला. तो आधीच ओवलेला होता.

खरं सांगायचं तर मला असं बसून हसायचा अधिकार नव्हता. माझं लग्न जवळजवळ ठरलं होतं. टेंभुर्णीचं स्थळ होतं. मुलाचं खतांचं दुकान, वीस एकर शेती. पाहून गेले होते, पसंती कळवली होती, आणि रविवारी बैठक होती. मुलगा पाहायला आला तेव्हा त्यानं मला एकच प्रश्न विचारला होता, भाकरी येतात का. वाईट नव्हता. मी 'हो' म्हणाले होते, कारण 'नाही' म्हणायला काही कारण नव्हतं.

गुरुवारी मध्यस्थ भिवाकाका टेंभुर्णीहून आले. चहाचा कप खाली ठेवायच्या आधीच त्यांनी पेपरची घडी बाबांसमोर टाकली.

"धर्मराज, मुलाची आई लई नाराज झाली. म्हणती, पोरगी आतापासूनच सासर सोडायच्या गोष्टी करून राह्यली. तेही पेपरात, फोटो काढून!"

"अहो, टीव्हीवरचं बोलली ती," आई म्हणाली.

"मला कळतं हो गोजरबाई. पण त्यांना कळाय पाहिजे ना! एकच करा. पेपरात खुलासा छापून आणा. मुलगी असं बोललीच नव्हती, वार्ताहरानं मनानं लिहिलं. इतकं आलं की रविवारी बैठक पक्की."

बाबा मोंढ्यात मापाडी होते. दिवसभर पोती काट्यावर तोलायची आणि बोलायचं कमी, हा त्यांचा स्वभाव. त्यांनी पेपर उचलला, माझ्या फोटोकडे पाहिलं आणि चपला घातल्या. ते काकासाहेबाकडेच गेले, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

शुक्रवारी दुपारी तो आला. ओट्यावर बसला नाही. हातात एक कागद होता.

"तुमचे बाबा आल्ते. हे लिहिलं हाय. चारच्या बसनं पाकीट जालन्याला जाईल, उद्या छापून येईल. एकदा वाचून घ्या."

मी वाचलं. "सदर विधान कुमारी खरात यांचे नसून ते वार्ताहराने स्वतःच्या मनाने लिहिले. या चुकीबद्दल वार्ताहर दिलगीर आहे." खाली त्याचं नाव, सही.

"पण हे खोटं हाय," मी म्हणाले.

"हो."

"मंग तुमचं काय होईल?"

"दुसरा वार्ताहर नेमतील." त्यानं खांदे उडवले. "मनानं लिहिणारा माणूस कोण ठेवील? तसंही त्या पगारात माझ्या गाडीचं पेट्रोल..."

"तुम्हाला हे काम आवडतं."

समोरून कापसाचा टेम्पो गेला, आणि पांढरे तंतू आमच्या दोघांच्या मधे हळूहळू खाली येत राहिले.

"आवडतं," तो म्हणाला. "पण माझ्या एका बातमीनं तुमचं लग्न मोडावं... ते न्हाई आवडणार."

"अन् मोडलं तर?"

"तर वाईट वाटल."

"किती?"

त्यानं पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहिलं. "किती ते खरं सांगता येणार न्हाई मला. म्हणून तर म्हणतो, विचारू नका."

त्या दिवशी त्यानं मला एकदाही 'ताई' म्हटलं नव्हतं. ते माझ्या आत्ता लक्षात आलं, आणि कानाच्या पाळ्या तापल्या.

मी कागदाची घडी घालून मशीनच्या खणात ठेवली. "हा जाणार न्हाई," मी म्हणाले. "मी बोलल्ते. मोठ्यानं बोलल्ते. आता बाबांना काय सांगायचं ते मी सांगते."

"बेबीनंदा..."

"जा तुम्ही. चारची बस जाऊ द्या."

सांगणं सोपं नव्हतं. संध्याकाळी बाबा हातपाय धुऊन बसले, आणि मी उभ्यानंच बोलले, कारण बसले असते तर रडले असते. म्हटलं, मी ते बोलले होते. मला अजून तसंच वाटतं. तो माणूस माझ्यासाठी खोटं लिहायला तयार आहे, पण त्यात त्याचं काम जाईल. आणि जिथं एवढ्या वाक्यानं नाराजी होते, तिथं मी जन्मभर काय काय न बोलल्याचं सांगत बसू?

आई चुलीपाशी थांबली. बाबा टॉवेलनं हात पुसत राहिले. कोरडे झालेले हातसुद्धा.

"बोलली होतीस ना नक्की?"

"हो बाबा."

"मंग संपलं," ते म्हणाले. "त्याच्याकडं गेल्तो तवापासून मलाच बराबर वाटून नव्हतं राह्यलं. पस्तीस वर्षं काट्यावर बोट न्हाई टेकवलं मी. आता पोरीसाठी टेकवू व्हय?"

शनिवारी त्यांनी भिवाकाकांना एसटीडीवरून तेवढंच कळवलं. रविवारी बैठक झाली नाही. आई दोन दिवस कुणाशी बोलली नाही, तिसऱ्या दिवशी तिनं माझ्या आवडीची शेंगांची चटणी कुटली. बाजारात लोक बोलायचे ते बोलले. मी मान खाली घालून पिको करत राहिले. लग्न मोडल्याचं दुःख शोधून पाहिलं, फारसं सापडलं नाही. दुःख होतं ते वेगळंच. तीन आठवडे झाले, पण काकासाहेब ओट्याकडे फिरकला नव्हता. रस्त्यात लांबून दिसला की गाडी दुसऱ्या गल्लीत घालायचा.

"शरमाता है बेचारा," रजिया म्हणायची. "त्याला वाटून राह्यलं, तुझं लग्न त्यानं मोडलं."

"मंग येऊन तसं म्हणावं ना!"

"तू रागावलीस किती बघ. लग्न मोडलं तवा इतकी न्हाई रागावली."

डिसेंबरात दोरे आणायला मी सकाळच्या पॅसेंजरनं जालन्याला निघाले. खिडकीशी बसले, गाडी हलली, आणि हलत्या गाडीत धापा टाकत जो चढला तो काकासाहेब होता. मला पाहून तो दुसऱ्या डब्याकडे वळला.

"तिकडं दुसरी गल्ली न्हाई," मी म्हणाले. "बसा."

तो समोर बसला. पारडगाव मागे पडलं. थंडीचं कोवळं ऊन आत येत होतं, बाहेर तुरीची पिवळी फुलं मागे पळत होती.

"तुम्ही रागावला असाल," शेवटी तो म्हणाला.

"रागावलेच हाय. एकवीस दिवस झाले."

"मोजले?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. त्यानं घसा साफ केला.

"आईला सांगितलं मी... तुमचं. आमची आई, चतुराबाई, लई खमकी हाय. तिनं तुमचा मजकूर वाचायला लावला मला. मंग म्हणली, ही पोरगी घरात आली तर माझ्याशी भांडल. मी म्हणलो, भांडल बिलकुल. तर म्हणली, मंग जल्दी विचार तिला. एकटीनं तुझ्याशी भांडून कंटाळले मी, दोघी मिळून भांडू."

मला हसू आवरेना, आणि डोळ्यांत पाणीही आलं, दोन्ही एकदम.

"अन् काल मोंढ्यात गेल्तो. तुमच्या बाबांकडं."

"काय म्हणले बाबा?"

"पोतं तोलणं थांबवलं न्हाई त्यांनी. म्हणले, तिला विचार. तिच्या तोंडचं मी बोलत न्हाई." तो पुढे झुकला. गाडीच्या आवाजात मला ऐकू जावं, पण शेजारच्यांना नको, इतपतच. "मंग विचारून राह्यलो, बेबीनंदा. मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवसापासून आवडता. काम कमी पगाराचं हाय, नाव म्हाताऱ्याचं हाय... बाकी मी बरा हाय."

रांजणी आलं. एक म्हातारी बोरांची टोपली घेऊन चढली आणि नेमकी आमच्या मधे बसली. पुढे सारवाडीपर्यंत ती आम्हाला तिच्या नातवाच्या खोकल्याचं सांगत होती. तिच्या डोक्यावरून तो माझ्याकडे बघत होता, आणि मी बोरांकडे.

जालना स्टेशनवर उतरल्यावर तो माझ्यासमोर उभा राहिला. त्याचा चेहरा अगदी उतरला होता.

"मला इथं कामं हाईत," मी म्हणाले. "तुम्हालाही असतील. चारच्या गाडीनं परत जायचं हाय मला. गर्दी असती त्या गाडीला."

"हो, असती."

"मंग जागा धरून ठेवा."

त्या दिवशी मी काय खरेदी केली ते विचारू नका. एकाच रंगाची सहा रिळं आणली, आणि तो रंग कुणाच्याच साडीला लागत नव्हता. पावणेचारला स्टेशनवर पोहोचले. डबा तुडुंब भरला होता. खिडकीजवळच्या दोन जागांवर एक निळा रुमाल ताणून पसरलेला, आणि कुणी बसू नये म्हणून काकासाहेब स्वतः घामाघूम होऊन त्यांच्यापुढे उभा होता. दोन माणसं त्याच्याशी भांडत होती. "येणार हाईत हो, येणारच हाईत," तो त्यांना सांगत होता.

मी गर्दीतून वाट काढत गेले, रुमाल उचलून त्याच्या हातात दिला आणि खिडकीशी बसले. मग शेजारची जागा हातानं झटकली.

"बसा," मी म्हणाले. "बाबा सातला घरी येतात. दोघांनी मिळून सांगू."